नांदूर मधमेश्वर : बंधारा, गाळ आणि पाखरे

हिवाळ्यात एखाद्या रविवारी सहकुटुंब कोठे जावे असा प्रश्न पडला म्हणजे नाशिककरांच्या तोंडी अलीकडे नांदूर मधमेश्वरचे नाव हटकून येते. मंडळी पहाटे निघतात, मनोऱ्यावर चढून दुर्बिणीतून पाखरे पाहतात, चहा पितात आणि उन्हे तापण्यापूर्वी परततात. यात वावगे काहीच नाही. परंतु ज्या पाण्यावर ती पाखरे उतरलेली असतात ते पाणी तेथे कोणी व कशाकरिता अडविले, आणि ज्या चिखलात त्यांचे अन्न असते तो चिखल कोठून आला, असे विचारणारा मनुष्य मला तेथे क्वचितच भेटला. मुलांना इतिहास शिकविण्यात माझे आयुष्य गेले, तेव्हा हे प्रश्न मला सुटले नाहीत. विचारपूस करता करता जे उत्तर हाती आले ते मोठे विलक्षण होते. हे पक्ष्यांचे तीर्थ कोणी योजून निर्माण केलेले नाही. एका दुष्काळनिवारक कामात जी उणीव राहिली, तिच्यातून ते आपोआप निपजले आहे. त्याची हकीगत आज सांगावयाची आहे.

प्रथम स्थळाची ओळख करून देतो. त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावलेली गोदावरी नाशिक क्षेत्र ओलांडून पूर्वेस निफाड तालुक्यात शिरते. दिंडोरीच्या बाजूने येणारी कादवा तिला जेथे मिळते, तेथे नांदूर हे गाव आहे. नाशिकपासून अंतर सुमारे चाळीस किलोमीटर. मधमेश्वर हा 'मध्यमेश्वर' या नावाचा लोकांच्या जिभेवर घासून झालेला अपभ्रंश होय. गोदेच्या पात्रात महादेवाचे देऊळ आहे, त्यावरून हे नाव पडले. जवळच मृगव्याधेश्वराचेही स्थान आहे. पंचवटीतून सुवर्णमृगाच्या पाठीस लागलेला राम येथवर आला व येथूनच त्याने बाण सोडला, अशी कथा गावकरी सांगतात. गोदाकाठी रामकथेचा एखादा प्रसंग ज्याला चिकटलेला नाही असे गाव शोधावेच लागेल, तेव्हा या कथेचा ऐतिहासिक कीस काढण्यात अर्थ नाही. तीवरून एवढे मात्र निश्चित कळते, की बंधारा होण्याच्या कितीतरी आधीपासून या संगमाला लोकांच्या मनात काही एक मान होता.

आता बंधाऱ्याकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाची अखेर दख्खनला फार वाईट गेली. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाची आठवण बुजली नव्हती तोच १८९६-९७ साली पावसाने पुन्हा दगा दिला आणि त्यापाठोपाठ १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ आला. विक्रम संवत १९५६ मध्ये पडला म्हणून तो 'छप्पन्नाचा दुष्काळ' या नावाने लोकांच्या स्मरणात राहिला. सरकारने १९०१ साली सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखाली पाटबंधाऱ्यांचा विचार करण्यासाठी आयोग नेमला. हे गृहस्थ मिसर देशात नाईल नदीच्या पाण्याची व्यवस्था लावून आलेले होते. आयोगाचा अहवाल १९०३ साली सादर झाला. तोपर्यंत सरकारचा दंडक असा होता, की कालव्याने आपला खर्च व्याजासह भरून दिला पाहिजे. दख्खनच्या खडकाळ व उंचसखल प्रदेशात हा हिशेब जुळत नसे, आणि म्हणून कामे होत नसत. दुष्काळात माणसे जगविणे हाही कालव्याचा नफाच होय आणि दख्खनच्या कामांचे मोल तेवढ्यासाठी वेगळ्या मापाने करावे, हा विचार या आयोगाने मांडला. सह्याद्रीच्या कुशीत मोठाली धरणे बांधून तेथील पाऊस साठवावा आणि तो पूर्वेकडील कोरड्या मुलखास द्यावा, ही दिशा त्यानंतर ठरली.

येथे एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्या निफाड तालुक्यात हा बंधारा आहे, त्या निफाड गावीच १८ जानेवारी १८४२ रोजी महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला. १८७६ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती मिळवून सरकारपुढे मांडली, त्या कामामागे रानड्यांची बुद्धी होती. दुष्काळ हा निव्वळ देवाचा कोप नसून त्यात राज्यव्यवस्थेचाही वाटा असतो, हे महाराष्ट्राला आकड्यांनिशी शिकविणाऱ्यांमध्ये ते अग्रगण्य होते. १९०१ च्या जानेवारीत ते वारले, आणि त्याच वर्षी हा आयोग नेमला गेला. आपल्या जन्मगावाच्या शिवारातून पाट वाहताना पाहणे काही त्यांच्या नशिबी नव्हते.

योजना साधी व चतुर होती. इगतपुरीस वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून पंचवीस-तीस कोसांवरच्या कोपरगावास तो जेमतेम वीस इंच, आणि तोही लहरी. इगतपुरी तालुक्यात नांदगाव येथे दारणा नदीवर धरण बांधावयाचे आणि पावसाळ्यातील पाणी तेथे कोंडून ठेवावयाचे. गरज पडेल तेव्हा ते दारणेच्या पात्रातूनच खाली सोडावयाचे. दारणा गोदावरीस मिळते, आणि गोदेतून वाहत आलेले हे पाणी नांदूर येथे बुटक्या दगडी बंधाऱ्याने अडवून डाव्या व उजव्या अशा दोन कालव्यांत वळवावयाचे. म्हणजे घरातला हंडा दारणेस आणि तोटी नांदुरास, असा हा प्रकार होय. नांदूरचे काम १९०७ नंतरच्या काही वर्षांत झाले, दारणेचे धरण १९१६ साली पुरे झाले. दोहोंच्या साठ्याची तुलना केली म्हणजे त्यांचे नाते चटकन ध्यानात येते. दारणेची साठवण ७,१४९ दशलक्ष घनफूट आहे. नांदूरची आज अवघी २५७ सांगितली जाते.

या कालव्यांनी पुढे काय केले हा स्वतंत्र भाषणाचा विषय आहे; येथे दोनच वाक्ये बोलतो. दुष्काळात ज्वारी-बाजरी वाचवावी म्हणून आणलेले पाणी थोड्याच वर्षांत उसाच्या मळ्यांकडे वळले. सासवडकडचे माळी बागाईतदार कालव्यांच्या मागोमाग गोदाकाठी उतरले, आणि त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील कोपरगाव-राहात्याचा माळ साखरेचा मुलूख झाला. सरकारने एक ठरविले आणि पाण्याने दुसरेच केले, याचा हा पहिला दाखला.

दुसरा दाखला म्हणजे आपली पाखरे. नदीचे पाणी वेगाने वाहते तोवर ते माती उचलून नेते; वेग मंदावला की तीच माती खाली टाकते. हा भूगोलाचा धडा मी चौथीच्या मुलांना पाटीवर रेघ ओढून शिकवीत असे. सह्याद्रीच्या उतारावरची आणि नाशिक-दिंडोरीच्या नांगरलेल्या शेतांतली काळी माती गोदा आणि कादवा दरसाल पावसाळ्यात घेऊन येतात. बंधाऱ्यापाशी पाणी थबकले की ती तेथे बसते. शंभराहून अधिक पावसाळे हे चालले आहे. मूळच्या साठवणीचा फार मोठा भाग गाळाने खाल्ला. पाण्यातून बेटे वर आली, बेटांवर लव्हाळे, पाणकणीस आणि बाभळी वाढल्या, मधून उथळ खाड्या व दलदली राहिल्या. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हे सगळे नुकसानीच्या रकान्यात जाते. पाखरांच्या हिशेबाची वही मात्र निराळी असते.

कारण असे, की बदकांच्या पुष्कळशा जाती बुडी मारणाऱ्या नव्हेत. शेपटी वर व डोके खाली करून, मान पोहोचेल तेवढ्याच पाण्यातील वनस्पती, बी आणि किडे त्या टिपतात. चिखलात चालणाऱ्या पक्ष्यांना पोटरीभर पाणीसुद्धा जास्त होते. दोन डोंगरांमध्ये कोंडलेल्या खोल धरणात असल्या पाहुण्यांना बसावयास जागा नाही आणि खावयास अन्नही नाही. नांदूरचा बंधारा गाळाने भरला नसता, तर आज आपण दुर्बिणी घेऊन तेथे गेलो नसतो. काम बिघडले म्हणून तीर्थ घडले, असे मी म्हटले ते याच अर्थाने.

गेल्या पौषात मी चापडगावच्या मनोऱ्यावर पोहोचलो तेव्हा सूर्य उगवावयाचा होता. निफाडची थंडी महाराष्ट्रात नावाजलेली आहे. वर्तमानपत्रात राज्यातील नीचांकी तपमान म्हणून निफाडचा आकडा छापून येतो, त्याचा अर्थ त्या मनोऱ्यावर उभे राहिल्यावाचून कळत नाही. पाण्यावर धुके होते, आणि काही दिसत नव्हते. परंतु आवाज येत होते, ते एवढे, की जणू बाजार भरला आहे. गावातील एक तरुण मार्गदर्शक बरोबर होता. धुके विरळ झाले तसतसे तो एकेक दाखवू लागला. काळ्या अंगाचा आणि कपाळावर पांढरा टिळा लावलेला वारकरी शेकड्यांनी पोहत होता. आपल्या लोकांनी या पक्ष्याला हे नाव दिले यात त्यांची नजर किती नेमकी आहे हे दिसते. चोचीच्या टोकाला पिवळा व मुळाशी तांबडा ठिपका असलेले हळदीकुंकू बदक, पसरट चोचीने पाणी गाळणारा थापट्या, लांब टोकदार शेपटीचे तलवार बदक, आणि लव्हाळ्यातून लाल पाय उचलीत चालणारी जांभळी पाणकोंबडी ही सारी मंडळी तेथे होती. थोडे दूर चमच्यासारख्या चोचीचे पांढरे पक्षी एका ओळीत पाणी ढवळीत होते. केशरी रंगाच्या चक्रवाकांची जोडी एका बेटाच्या टोकाशी उभी होती. रात्री विरहाने आक्रोश करणारे म्हणून संस्कृत कवींनी ज्यांना अमर केले तेच हे चक्रवाक. ते लडाख-तिबेटकडच्या उंच सरोवरांवर वीण करून हिवाळ्यात आपल्याकडे उतरतात.

सगळीच पाखरे सैबेरियाहून येतात असा एक समज आपल्याकडे रूढ आहे, तो खरा नाही. हळदीकुंकू आणि पाणकोंबडी ही इथलीच रहिवासी. कोणी हिमालय ओलांडून येतात, कोणी मध्य आशियातून, आणि कोणी शेजारच्या तालुक्यातून. मार्गदर्शकास हे सारे ठाऊक होते. पाहुण्यांना सैबेरिया आवडतो म्हणून आपण कधी कधी तसे सांगतो, हे त्याने हसत कबूल केले. इतक्यात एक दलदली ससाणा पाण्यावरून तिरपा गेला आणि निम्मा जलाशय एकदम उडाला. हजारो पंखांचा तो आवाज पत्र्यावर पडणाऱ्या वळिवासारखा होता. दोन घिरट्या झाल्या आणि सगळी पुन्हा तेथेच बसली.

"गुरुजी," तो म्हणाला, "पाणी हातभर वाढलं ना, की यातली निम्मी उद्या दिसायची नाहीत. आणि हातभर उतरलं, तरी तेच."

या वाक्यात सगळे मर्म आहे. जलाशयाचे पाणी आजही कालव्याच्या आवर्तनाप्रमाणे चढते-उतरते. पाखरांसाठी ते ठरलेले नाही, शेतीसाठी आहे. सरकारने १९८६ साली हा सुमारे शंभर चौरस किलोमीटरचा टापू अभयारण्य म्हणून घोषित केला. ख्यातनाम पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनी या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले होते, हे तेथे गेलेल्या प्रत्येकास ऐकविले जाते. इराणातील रामसर या गावी १९७१ साली पाणथळ जागांच्या रक्षणासाठी जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या यादीत नांदूर मधमेश्वरचे १,४३७ हेक्टर क्षेत्र २०१९ साली दाखल झाले, आणि २०२० च्या जानेवारीत ते जाहीर झाले. महाराष्ट्रातील हे पहिलेच स्थळ. लोणार व ठाण्याची खाडी यांची नावे त्यानंतर आली. सन्मान मोठा आहे, आणि तो मिळाला आहे एका पाटबंधाऱ्याच्या बंधाऱ्यास, ही गोष्ट विसरता येत नाही.

आता या चित्राची दुसरी बाजू. बंधाऱ्याच्या वरच्या अंगास गोदाकाठी सायखेडा आणि चांदोरी ही मोठी गावे आहेत. गोदेला पूर आला म्हणजे पाणी या गावांत शिरते. १९६९ आणि २००८ च्या पुरांच्या आठवणी नाशिककडे सर्वांनाच आहेत. २०१६ आणि २०१९ या दोन्ही वर्षी ऑगस्टच्या आरंभी येथील बाजारपेठा पाण्याखाली गेल्या. नाशिक शहराच्या सांडपाण्यावर पोसलेल्या पाणवेली पुराबरोबर वाहत येतात आणि सायखेड्याच्या पुलाला अडकून बसतात. नदीचे पात्र गाळाने उथळ झाले, बंधाऱ्याने पाणी तुंबते, म्हणून आमची घरे बुडतात, असे गावकऱ्यांचे म्हणणे आहे. गाळ काढा आणि बंधाऱ्याचे दरवाजे वाढवा, ही त्यांची मागणी जुनी आहे.

सायखेड्यात एका किराणा दुकानात मी चहापुरता थांबलो होतो. गळ्यात दुर्बीण पाहून दुकानदाराने ओळखले की हे पाखरे पाहणारे. भिंतीवर माझ्या खांद्याच्या वर पुराच्या पाण्याची मळकट रेघ होती. त्याने ती बोटाने दाखविली आणि म्हणाला, "गुरुजी, तुमच्या पाखरांना पंख आहेत. आम्ही हे दुकान घेऊन कुठं उडावं?"

मला उत्तर सुचले नाही. पक्षिप्रेमी मंडळींच्या बैठकीत गाळ काढण्याच्या मागणीविषयी तुच्छतेने बोलले जाते, ते मला मुळीच पटत नाही. ज्याचे धान्य दोनदा भिजले त्याला रामसरचा करार सांगणे सोपे नाही, आणि शोभतही नाही. त्याचबरोबर सगळा गाळ एकदम उपसून टाका हा आग्रहही मला धास्तीचा वाटतो. गाळ उपसला की बेटे गेली, बेटे गेली की उथळ पाणी गेले, आणि तेथे एक साधा खोल डोह उरेल. माझ्या अल्प समजुतीप्रमाणे चांदोरी-सायखेड्याजवळचा नदीपात्रातील गाळ आणि चापडगावच्या बाजूचा दलदलीतील गाळ या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या पाहिजेत. पहिला काढल्याने गावांना मोकळा श्वास मिळेल. शेतकरी तो गाळ आनंदाने शेतात नेऊन टाकतील. राज्यात तशी योजनाही २०१७ पासून आहे. दुसऱ्याला हात लावण्यापूर्वी मात्र शंभरदा विचार करावा. नाशिकच्या सांडपाण्याचा बंदोबस्त झाला तर पाणवेलींचे संकट उभय पक्षी टळेल, आणि त्याबद्दल पाखरे आणि दुकानदार यांच्यात मतभेद असण्याचे काही कारण नाही. मी अभियंता नव्हे. परंतु या दोन गाळांची गल्लत करून गेली कित्येक वर्षे वाद चालला आहे, एवढे कोणाही पाहणाऱ्यास दिसते.

चांदोरीचे नाव निघाले, तेव्हा तिचा इतिहास सांगतो. नाशिकहून निफाडकडे जाताना हे गाव वाटेवरच लागते आणि मंडळी तेथे थांबतही नाहीत. चांदोरी हे हिंगणे घराण्याचे गाव. हिंगणे हे मूळचे नाशिक क्षेत्रीचे उपाध्ये. या घराण्यातील महादेवभट हिंगणे बाळाजी विश्वनाथाच्या दिल्लीच्या स्वारीच्या निमित्ताने उत्तरेत गेले आणि पेशव्यांचे वकील म्हणून पातशाही दरबारी राहिले. त्यांच्यामागे बापूजी, दामोदर, पुरुषोत्तम आणि देवराव या मुलांनी तेच काम चालविले. वकिली म्हणजे आजच्या भाषेत राजदूताचे काम. पातशहाचा वजीर कोणत्या मसलतीत आहे, रोहिले काय करीत आहेत, अब्दाली कोठवर आला, खंडणीची हुंडी वटली की नाही, हे सारे दिल्लीहून पुण्यास लिहून कळवावयाचे. पानिपतापूर्वीची व नंतरची दिल्ली समजून घ्यावयाची असेल तर या घराण्याची पत्रे वाचल्यावाचून गत्यंतर नाही. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने ती 'हिंगणे दप्तर' या नावाने छापली आहेत. गोदाकाठच्या एका खेड्यातील कुटुंब दिल्लीच्या तख्ताची नाडी पाहत होते आणि तिकडची मिळकत इकडे वाडा-देवळांत घालीत होते. आज आपण मात्र त्या गावावरून गाडी हाकीत पुढे जातो.

नदीकाठी घाट आहेत. काठावर देवळे आहेत ती दिसतात. परंतु पात्रातही जुनी दगडी देवळे आहेत, ती बहुधा दिसत नाहीत. कारण नांदूरच्या बंधाऱ्याने मागे तुंबलेले पाणी चांदोरीपर्यंत येते आणि ही देवळे त्याखाली असतात. एखाद्या वर्षी पाणी फारच खाली गेले किंवा बंधाऱ्याच्या कामासाठी ते सोडून द्यावे लागले, म्हणजे ती उघडी पडतात आणि गाव पाहावयास लोटते. पाण्याची पातळी पुन्हा चढली की तीही पुन्हा गेली. पाखरांना हवे तेवढे पाणी राखावे तर देवळे बुडालेली राहतात, देवळे पाहावी तर पाखरे उठून जातात. एकाच बंधाऱ्याने एक तीर्थ दिले व दुसरे झाकले.

दुसऱ्या दिवशी सवड असेल तर सिन्नरला जावे. नांदूरपासून ते फार लांब नाही, आणि गोंदेश्वर पाहावयाचे राहून गेले तर या बाजूस येऊन अर्धेच पाहिले असे होईल. देवगिरीची राजधानी बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने वसविली. त्यापूर्वी यादवांचे कर्तृत्व याच सिन्नरच्या परिसरात वाढले. दुसऱ्या भिल्लमाचा शके ९२२ चा, म्हणजे इसवी सन १००० चा, ताम्रपट शेजारच्या संगमनेरास सापडला आहे, त्यावरून या घराण्याचे येथील वास्तव्य किती जुने हे कळते. गोंदेश्वराचे देऊळ पंचायतन पद्धतीचे आहे. मध्ये शिवाचे मुख्य मंदिर, समोर नंदीमंडप, आणि चार कोपऱ्यांत पार्वती, गणपती, सूर्य व विष्णू यांची लहान देवळे, सगळी एकाच उंच जोत्यावर. शिखरावर उभ्या पट्ट्यांमधून लहान शिखरांच्या रांगा चढत गेलेल्या दिसतात, त्या पद्धतीस शिल्पशास्त्रात भूमिज म्हणतात. सकाळच्या तिरप्या उन्हात हा दगड सजीव वाटतो. जवळच ऐश्वर्येश्वराचे लहानसे मंदिर आहे, त्यातील मकरतोरण चुकवू नये.

असले कोणतेही दगडी देऊळ दिसले की आपले लोक त्याला हेमाडपंती म्हणून मोकळे होतात. हेमाद्री पंडित तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महादेव व रामचंद्र यादवांच्या पदरी होता. त्याच्या जन्माआधी उभ्या राहिलेल्या देवळांचे श्रेयही आपण त्यालाच देतो. मी शाळेत असताना ही चूक मुलांच्या वहीत लाल शाईने दुरुस्त करीत असे. आता सहलीला येणाऱ्या त्यांच्याच मुलांना तोंडी सांगतो.

सिन्नरला जाण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्या विषयास धरून आहे. गावाजवळून देवनदी वाहते. तिच्यावर लहान लहान वळणबंधारे आहेत. पाणी थोडेसे उचलून पाटाने शेतांत न्यावयाचे, उरलेले पुढच्या गावासाठी सोडावयाचे, आणि कोणाच्या शेतास केव्हा पाणी द्यावयाचे हे गावाने व पाटकऱ्याने ठरवावयाचे, अशी ती रीत. नांदूरचा बंधारा हे याच कल्पनेचे प्रचंड रूप आहे. फरक इतकाच, की देवनदीच्या पाटात साचलेला गाळ पावसाळ्यापूर्वी गावकरी स्वतः फावडी घेऊन काढीत. नांदूरचा गाळ कोणाचा, हे अद्याप ठरावयाचे आहे.

जाणाऱ्यांसाठी चार शब्द. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उजाडण्यापूर्वी पोहोचावे, गडद किंवा मातकट रंगाचे कपडे घालावे, आणि मुलांना ओरडू देऊ नये. गावातील मार्गदर्शक अवश्य घ्यावा. त्याला चार पैसे मिळाले तर पाखरांशी गावाचे नाते गोडीचे राहते. परतताना चांदोरीच्या घाटावर दहा मिनिटे बसावे.

मी बसलो होतो. संध्याकाळ होत आली होती आणि एक म्हातारे गृहस्थ पायऱ्यांवर धोतर पिळीत होते. देवळे कोठे, असे विचारता त्यांनी पात्राच्या मधोमध हात केला. तेथे सपाट पाणी होते आणि त्यावर पाच-सहा वारकरी पोहत होते. "तिथं," ते म्हणाले, "बरोबर त्या पाखरांच्या खाली." त्यांनी स्वतः ती उघडी पाहिली होती, आत जाऊन बेलही वाहिला होता. मी ती अद्याप पाहिलेली नाहीत. पाणी उतरले तर पत्र टाकतो असे त्यांनी सांगितले, आणि माझा पत्ता एका कागदावर लिहून घेऊन तो टोपीत ठेवला.